आधी वहिनींना बसवून बघा

पत्र असं आहे:

स. न. वि. वि.

मी एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं फिटर होतो. मार्चमध्ये निवृत्त झालो. गडहिंग्लजला राहतो. माझ्याकडे 2004 सालची कास्ट आयर्न इंजिनची बुलेट 350 आहे, पुढे-मागे ड्रम ब्रेक, अजून दुसऱ्या किकला सुरू होते. या गाडीवर आम्ही नवरा-बायकोनं पंढरपूर, गोकर्ण, हंपी केलंय. गेल्या वर्षी मंडळींच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. आता तिला टांग टाकून मागं बसता येत नाही. एका अंगानं बसली तर माझं अर्धं लक्ष मागं.

म्हणून घरीच साइडकार बांधायचं ठरवलंय. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, व्हाइस घरात आहे, लेथचं काम गावात होतं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू केलंय. तिला सांगितलेलं नाही, दिवाळीच्या पाडव्याला एकदम दाखवायची आहे. घरात नळाचे जीआय पाइप शिल्लक आहेत, ते चेसिसला चालतील का? बॉडी फायबरची करू की पत्र्याची? आरटीओचं काही लागतं का? मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, "बाबा, नाद सोडा, जुनी कार घ्या." तुमचं मत कळवावं.

— एक वाचक, गडहिंग्लज

नमस्कार.

पाडव्याच्या ओवाळणीत साइडकार घालणारा नवरा माझ्या पाहण्यात पहिलाच. वाचून बरं वाटलं. तरीही पहिला सल्ला हाच की ही गोष्ट लपवू नका. आज संध्याकाळी चहाच्या वेळेला वहिनींना सांगून टाका. यात भावनेचा भाग नाही, मापाचा आहे. ज्या माणसासाठी साइडकार बांधायची ते माणूस शेडमध्ये आल्याशिवाय एकही पाइप कापता येत नाही.

कारण सांगतो. साइडकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाडीच्या डाव्या अंगाला जोडलेली, होडीसारखी, जमिनीलगत बसलेली, आत पाय लांब करून रेलायची बॉडी येते. तिची सीट जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर असते. त्यात बसणं म्हणजे जवळजवळ पाटावर बसणं. आता सांधा बदललेला गुडघा घेऊन पाटावरून उठायला सांगा कुणाला! तुमच्या घरात ऑपरेशननंतर कमोडची उंची वाढवली असेल, खाटेखाली विटा लावल्या असतील. त्याच बाईंना तुम्ही पाडव्याला, नातेवाइकांच्या देखत, एका खोल पिंपात बसवणार आणि बाहेर काढायला दोघं लागणार. मागच्या सीटवर चढणं जमत नाही म्हणून आपण साइडकार बांधतो, आणि तिच्यातून उतरणं त्याहून अवघड करून ठेवतो. ही चूक पुष्कळांनी केलेली आहे. मीही.

त्यामुळे वेल्डिंग मशीन बंद ठेवा आणि पडवीत एक नाटक करा. घरातली साधी, पाय न दुमडता बसता येईल अशी खुर्ची घ्या. तिची उंची मोजा, बहुधा 42 ते 45 सेंटिमीटर भरेल. जुन्या प्लायवुडचे किंवा टीव्हीच्या खोक्याचे पुठ्ठे तिच्या तिन्ही बाजूंनी उभे करा, समोर पाय पोचतील तिथे एक फळी तिरपी ठेवा. वहिनींना आत बसू द्या, हातात निवडायला भाजी द्या. तासभर. मग विचारा, गुडघा किती वाकलेला बरा वाटतो, पाठ कुठे टेकते, उठताना हात कुठे टेकावासा वाटतो. तो हात जिथे जाईल तिथे तुमची पकडायची नळी येणार. उतरताना कुठला पाय आधी बाहेर टाकतात ते बघा, दार त्या हिशेबानं. दार पाहिजेच. कडेवरून टांग टाकायची असती तर बुलेटची मागची सीट काय वाईट होती?

आता याला दुसरी बाजू आहे. सीट वर नेली की वजन वर गेलं, वजन वर गेलं की वळणावर साइडकार उचलायला सोपी. म्हणून सीट उंच करायची ती तळ खाली घेऊन. तळ जमिनीपासून 20-22 सेंटिमीटर, त्यावर सीट 22-24. पाय खाली, बूड वर, आणि एकूण वजन तरी चाकाच्या आसाच्या आसपास. गावातल्या स्पीडब्रेकरची उंची बघून तळ दोन बोटं इकडे-तिकडे करा. आपल्याकडचे काही स्पीडब्रेकर म्हणजे बांधच असतात.

मुलाचं म्हणाल तर हिशेबानं तो बरोबर आहे. पाइप, चाक, शॉकअप, बॉडी, रंग, गाडीचं जास्तीचं काम हे सगळं धरलं तर बऱ्यापैकी जुनी कार फार लांब राहत नाही, आणि कारमध्ये पाऊस लागत नाही. पण कार घेऊ का, असं तुम्ही विचारलेलंच नाही. त्याला एवढंच सांगा की पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये आईला त्यात बसवणार नाही. त्याची निम्मी काळजी तीच असणार.

आता आरटीओ. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पाइप आणायच्या आधीचा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये मोटरसायकलची व्याख्याच अशी आहे की दोन चाकांचं वाहन, आणि त्याला जोडलेली, जादा चाकाची, सुटी करता येणारी साइडकार असेल तर तीही त्यातच धरायची. म्हणजे साइडकार ही चीज कायद्याला अनोळखी नाही. पण त्याच कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकानं गाडीत करू नये, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

तेव्हा एका कागदावर आराखडा काढा. कुठे जोडणार, किती रुंदी, किती वजन, ब्रेक कुठला, दिवे कुठे, सगळं लिहा. ते घेऊन कोल्हापूरला आरटीओत जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. काय तपासणी लागेल, आरसी बुकात नोंद कशी होईल, हे लेखी विचारा. विमा कंपनीलाही तसंच पत्र. आरसीत नोंद नसलेल्या साइडकारसह अपघात झाला तर विमेवाला पहिलं बोट तिच्यावर ठेवणार, हे सांगायला मी कशाला पाहिजे. आणि आरटीओनं नाहीच म्हटलं, तर पुढचं सगळं वाचून सोडून द्या. "आमच्याकडे कोण अडवतंय" हा सल्ला गावात दहा जण देतील, मी देणार नाही.

कायद्यातला "सुटी करता येणारी" हा शब्द मात्र कारागीर म्हणूनही मनावर घ्या. बुलेटच्या चेसिसला वेल्डिंग करू नका. तुमच्या गाडीची चेसिस खालून पाळण्यासारखी बंद नाही. पुढची एकच नळी खाली इंजिनला येऊन बोल्टनं धरलेली आहे आणि इंजिन हाच चेसिसचा एक भाग आहे. त्या नळीवर मधेच गरम टाका मारला की तिथली ताकद गेली, आणि तडा जाईल तो नेमका त्या टाक्याच्या कडेनं. जोडणी सगळी क्लॅम्पनं आणि बोल्टनं. चार ठिकाणी धरायचं: खाली दोन, वर दोन. खालचे दोन इंजिनच्या पुढच्या प्लेटजवळ आणि मागे स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या) आसपास. वरचे दोन पेट्रोलच्या टाकीखाली आणि सीटखाली. खालच्या दोन जोडांवर सगळं वजन आणि ओढ, वरचे दोन गाडीला उभं धरतात. वरच्या दोन नळ्यांना एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे पाडून घ्या. म्हणजे नळी फिरवली की लांबी कमी-जास्त होईल, बोल्ट काढायला नको. हे मी फिटरला समजावून सांगतोय, माफ करा.

जीआय पाइप नको. एक तर तो पाणी वाहायला केलेला, हादरे खायला नाही. दुसरं, त्याच्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगला जळतो, तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. कारखान्यात पाहिलं असेलच. त्या पाइपांचा मांडव करा, त्यावर कारल्याचा वेल सोडा. चेसिसला काळा सीमलेस पाइप, बाहेरून दीड इंची, तीन मिलिमीटर जाडीचा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मिळेल, वाकवूनही मिळेल. बोल्ट 8.8 ग्रेडचे, बारा मिलिमीटर, नायलॉक नटसह, म्हणजे हादऱ्यानं ढिले होऊ नयेत म्हणून आत नायलॉनचं कडं असलेले. भंगारातले चांगले दिसणारे बोल्ट वापरायचा मोह होईल. होऊ देऊ नका.

चाकाचं एक महत्त्वाचं. साइडकारचं चाक पुष्कळ जण एका बाजूनंच धरतात, स्कूटरसारखं. दिसायला छान. पण त्यासाठी आस तसाच जाड आणि त्याच कामासाठी केलेला हवा. बुलेटचा आस दोन्ही बाजूंनी धरण्यासाठी केलेला आहे, तो एका बाजूनं लटकवला तर कधीतरी वाकेल किंवा तुटेल. सगळ्यात साधा मार्ग म्हणजे जुन्या बुलेटचा अख्खा स्विंग आर्म, शॉकअप आणि मागचं चाक ब्रेकसकट आणायचं आणि तसंच्या तसं बसवायचं. चार बोटं रुंदी वाढते, वजनही वाढतं, पण तुमच्या गाडीचाच टायर, तीच ट्यूब, तेच बेअरिंग. लांबच्या प्रवासात याचं मोल कळतं. एक गोष्ट मात्र बघा. साइडकार जोडलेली गाडी वळणावर कलत नाही, त्यामुळे आडवा जोर सगळा चाकाच्या तारांवर येतो. तिन्ही चाकांच्या तारा नव्या, जाड घ्या.

साइडकारच्या चाकाचा आस गाडीच्या मागच्या आसाच्या रेषेत ठेवायचा नसतो, त्याच्या पुढे ठेवायचा. 15 ते 25 सेंटिमीटर. तुमच्या गाडीला 20 धरा. फार मागे राहिला तर उजव्या वळणावर साइडकारचं नाक खाली दबतं. फार पुढे गेला तर हँडल जड होतं आणि टायर घासतो. दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे गाडीचं मागचं चाक ते साइडकारचं चाक, 110 सेंटिमीटरच्या आसपास. हो, आणि शेडचं दार मोजलंय का? घराचं फाटक? हसू नका. शेडमध्ये बांधलेली साइडकार बाहेर काढायला भिंत फोडावी लागलेला माणूस मला माहीत आहे.

आता जे काम मन लावून करायचं त्याकडे येतो. चेसिस, बॉडी, रंग हे सगळं लोक महिने महिने करतात, आणि जोडणी उरकतात एका दुपारी. खरं तर उलट पाहिजे. साइडकार चालते ती जुळवणीवर.

सपाट कोबा असलेली जागा बघा. पाणी ओतून बघा कुठे पळतं ते. तिन्ही टायरमध्ये हवा नीट. अॅल्युमिनिअमचे दोन चौकोनी पाइप घ्या, प्रत्येकी सात-आठ फुटांचे, कारखान्यातल्या सरळ पट्टीनं तपासलेले. एक पाइप विटांवर ठेवून गाडीच्या डाव्या अंगाला, पुढच्या आणि मागच्या दोन्ही टायरना टेकवा. टायर सारख्या जाडीचे नसतील तर फरकाच्या निम्म्या जाडीची पट्टी बारीक टायरला लावा. दुसरा पाइप साइडकारच्या चाकाला टेकवा. आता दोन पाइपांमधलं अंतर दोन ठिकाणी मोजा: बुलेटच्या पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे. पुढचं माप मागच्यापेक्षा 12 ते 20 मिलिमीटर कमी हवं. 15 वर सुरुवात करा. म्हणजे साइडकारचं चाक किंचित आत, गाडीकडे बघतंय. हे कमी पडलं तर गाडी सतत डावीकडे ओढेल, जास्त झालं तर टायर करवतीसारखा खाल्ला जाईल. हाताला कळतं, टायरवरून तळवा एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवून बघा.

मग कल. गाडी सरळ उभी ठेवायची नाही, साइडकारपासून लांब, उजवीकडे जराशी कललेली ठेवायची. एक-दीड अंश. अंश मोजायचं यंत्र नको, ओळंबा सोडा. मागच्या टायरच्या वरच्या कडेला दोरी धरा, खालची कड किती आत-बाहेर येते ते बघा. चाकाच्या उंचीत दीड-पावणेदोन सेंटिमीटर भरला की झालं. आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात, पावसाचं पाणी जावं म्हणून. त्या उतारावर गाडी आपोआप डावीकडे घसरायला बघते, हा कल तिला धरून ठेवतो.

आणि ही सगळी मापं रिकाम्या गाडीवर घ्यायची नाहीत. तुम्ही गाडीवर बसलेले, वहिनी साइडकारमध्ये बसलेल्या, मागच्या डिकीत दोन दिवसांच्या कपड्यांची बॅग, आणि खाली ओळंबा धरायला शेजारचा पोरगा. वजन पडल्यावर तिन्ही शॉकअप वेगवेगळे दबतात आणि रिकाम्या गाडीवर घेतलेली मापं तिथेच खोटी पडतात. आता कळलं असेल, पाडव्याला एकदम दाखवायचा बेत का जमणार नाही. वहिनींचं वजन हे तुमच्या आराखड्यातलं एक माप आहे, आणि ते त्यांना न विचारता मिळत नाही. विचारूनही मिळेल याची खात्री मी देत नाही.

माझी पहिली साइडकार मी नजरेनं लावली होती. 1994 ची गोष्ट, गाडी येझदी. सकाळी लवकर, रिकामी साइडकार घेऊन एकटाच निघालो. सरळ रस्त्यावर झकास. एका मळ्याकडे जायला डावीकडे वळलो, वेग असेल पंचवीस-तीसचा, आणि साइडकार उचलली. डोळ्यांच्या कोपऱ्यात तिचं चाक माझ्या गुडघ्याच्या उंचीला आलेलं दिसलं. घाबरून ब्रेक दाबला, हँडल आपोआप उजवीकडे गेलं, साइडकार धाडकन खाली आली आणि मी रस्ता ओलांडून उजव्या बाजूच्या चरीत. समोरून काही येत नव्हतं, म्हणून आज उत्तरं लिहितोय.

तर चालवायचं नव्यानं शिकायचं आहे, चाळीस वर्षांचा हात विसरून. दोन चाकांवर आपण कलून वळतो. इथे कलणं संपलं, हँडल फिरवून वळायचं, बैलगाडी वळवल्यासारखं. अॅक्सिलरेटर दिला की गाडी डावीकडे जाते, कारण साइडकार मागे राहू बघते. ब्रेक दाबला की उजवीकडे, कारण साइडकार पुढे पळू बघते. डाव्या वळणावर साइडकार हलकी होते, वळणाच्या आधीच वेग कमी करायचा आणि अंग डावीकडे झुकवायचं. उचललीच तर हँडल उजवीकडे सोडून सरळ करायची, पण तेवढ्यासाठी समोरच्या बाजूचा रस्ता मोकळा पाहिजे, म्हणून ती वेळच येऊ द्यायची नाही. उजव्या वळणावर उलट, साइडकारचं नाक दबतं आणि गाडीचं मागचं चाक हलकं होतं. तिथे वळता वळता जोरात ब्रेक नको.

मोकळं मैदान शोधा, शाळेला सुट्टी असतानाचं. वहिनींच्या वजनाइतकी वाळूची पोती साइडकारमध्ये बांधा, नुसती ठेवू नका, बांधा. आठाचे आकडे काढा. मग पोती कमी करत चला आणि शेवटी रिकामी चालवून बघा, म्हणजे ती कुठे उचलते ते कळेल. पुढे कधीही एकटे निघालात तर तीस-चाळीस किलोचं पोतं, तळाला, चाकाच्या बाजूला. भरलेली साइडकार रिकामीपेक्षा शहाणी असते. पंचवीस ते पस्तीसच्या वेगात हँडल दोन्ही हातांत थरथरायला लागलं तर घाबरू नका, साइडकारवाल्या गाड्यांना ही खोड असते. स्टेअरिंगचे कोन तपासा, हँडलला थरथर शोषणारा डॅम्पर लावा. दोन्ही हात मात्र हँडलवरच.

बाकीचं भराभर. तुमची बुलेट अठरा अश्वशक्तीची. गाडी, तुम्ही, साइडकार, वहिनी, सामान मिळून चारशे किलोच्या पुढे जाईल. तेव्हा पुढच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राचे, एक-दोन दात कमी करा, क्लच प्लेटा नव्या टाका, आणि पंचेचाळीस-पन्नासच्या वेगावर समाधान माना. ड्रम ब्रेकवर चारशे किलो थांबवायचे आहेत, म्हणून साइडकारच्या चाकाला ब्रेक हवाच, मागच्या पायडलला जोडलेला, आणि तो गाडीच्या ब्रेकच्या किंचित मागून लागेल असा. गाडीचा डावा इंडिकेटर साइडकारमागे झाकला जातो, म्हणून साइडकारवर स्वतंत्र इंडिकेटर, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा. रात्री समोरच्याला ही रुंद गाडी एक साधी मोटरसायकल वाटते आणि तो हिशेब चुकवून अंगावर येतो. डाव्या बाजूला चेन आहे, ती ताणायला आणि तेल द्यायला हात जाईल एवढी जागा सोडा. रिव्हर्स गिअर नाही हे विसरू नका. रशियन उरालला असतो, आपल्याला नाही. उतारावर नाक खाली करून गाडी लावली तर परत वर ढकलायला गाव गोळा करावं लागेल.

बॉडी फायबर की पत्रा? तुमच्या हाताला पत्रा माहीत आहे, पत्राच करा. वीस गेजचा, खाली चौकोनी नळ्यांचा सांगाडा, तळाला सागाच्या पट्ट्या. फायबर हलकं आणि देखणं असतं, पण पहिलंच काम असेल तर साचा करण्यातच पावसाळा जाईल. बॉडी चेसिसवर रबरी बुशांवर बसवा, नाहीतर बुलेटचा ठोका थेट वहिनींच्या गुडघ्यात. पुढे काच हवी. माझ्या साइडकारमध्ये माझी आई पहिल्यांदा बसली तेव्हा तासाभरानं उतरून तिनं एवढंच सांगितलं, "इथं खाली बसलं की सगळ्या एसट्यांचा धूर थेट नाकात." आपण वर बसतो, आपल्याला ते कळतच नाही. काच हनुवटीपर्यंत, त्यावरून बघता यावं अशी.

पाडव्याला ओवाळणीत काहीतरी टाकायचंच असेल तर वहिनींच्या मापाचं चांगलं हेल्मेट टाका. जुन्या कायद्यात साइडकारमध्ये बसणाऱ्याला हेल्मेटमधून सूट होती, 2019 च्या दुरुस्तीत ती गेली. रंगही त्यांनाच निवडू दे, साइडकारचा नाही निवडला तरी हेल्मेटचा.

आणि पहिली सहल. हंपी, गोवा नंतर. तुमच्या गावाला हिरण्यकेशी आहे, ती आंबोलीला उगम पावते. पाऊस ओसरला की नदीच्या उलट्या दिशेनं, आजऱ्यावरून आंबोलीला जा. या बाजूनं गेलं की आंबोली घाटाच्या माथ्यावर लागते, घाट उतरावा लागत नाही. मधे आजऱ्याला थांबा, चाकांच्या हबना हात लावून बघा कुठला ब्रेक तापलाय, आणि सगळ्या बोल्टांना एकदा पाना लावा. पन्नास किलोमीटरला, दोनशेला, पाचशेला असं तीनदा आवळलं की मग बसतात. नट-बोल्टवर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवा, ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. उगमापाशी देऊळ आहे, तिथवर शेवटचं थोडं चालावं लागतं, ते वहिनींच्या गुडघ्याला विचारून. मग गरम भजी खा आणि आल्या वाटेनं परत फिरा. खाली सावंतवाडीला उतरायचं ते ब्रेकचे शू एकदा उघडून बघितल्यावर.